गंजगोलाईत बसायला जागा शोधा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी लातूरचा, वय ६३, बँकेतून निवृत्त. १९८३ ते ९० या काळात झेनिट कॅमेऱ्यावर बाजारातले कृष्णधवल फोटो काढायचो, रोल न्हाणीघरात धुवायचो. पुढं बदल्या, मुलांची शिक्षणं; कॅमेरा चामडी केससकट कपाटात गेला. आता पुन्हा सुरू करायचंय. गुडघे दुखतात, फार चालवत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय. बजेट ५० हजार. मुलगा म्हणतो, फोन पुरे. गेल्या महिन्यात फोन घेऊन गंजगोलाईच्या बाजारात गेलो. रस्त्याच्या पलीकडून झूम करून दोन-तीन फोटो काढले, तर एक भाजीवाली ओरडली, 'कशाला काढायलाव फोटू?' चार लोक जमले, मी घरी आलो. कोणता कॅमेरा घेऊ? झेनिट चालेल का? आणि या वयात लोकांसमोर कॅमेरा धरायचा कसा?"

नमस्कार.

गुडघ्यांपासून सुरू करू, कारण बाकीचे बरेच निर्णय त्यावरून सुटतात. रस्त्यावरचे फोटो म्हणजे दिवसभर पायपीट, असा समज आहे. पण चालणाऱ्याला दर वळणावर प्रकाश नवा, पार्श्वभूमी नवी, माणसं अनोळखी, आणि विचार करायला दोन सेकंद. बसणारा प्रकाश आणि पार्श्वभूमी आधीच ठरवून ठेवतो. माणसं त्याच्या चौकटीत आपली आपण चालत येतात. तुम्ही बसा. निदान पहिले सहा महिने एकाच ठिकाणी, आठवड्यातून दोनदा, तासभर.

लातूरकराला यासाठी लांब जायला नको. गोलाईतून १६ रस्ते चहूदिशांना फुटतात. त्यामुळं ऊन कलतं असेल तोवर एखाद्या रस्त्यात ते सरळ आत शिरलेलं असतं आणि शेजारचा रस्ता अजून सावलीत असतो. सूर्याकडं तोंड करून बसलात तर धुळीत उजळलेल्या कडा आणि काळ्या आकृत्या मिळतात. पाठ करून बसलात तर चेहरे स्वच्छ दिसतात, पण लोक डोळे बारीक करतात. सूर्य खांद्याच्या बाजूला येईल अशी जागा सुरुवातीला सोपी.

जागा निवडताना आधी समोरची भिंत बघा. बंद शटर, जुना लाकडी दरवाजा, एकरंगी पाल, काहीही चालेल. भाऊ-दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र नको. फ्लेक्सवरचे हसरे चेहरे समोरून जाणाऱ्या खऱ्या माणसापेक्षा मोठे आणि उजळ असतात, नजर तिकडंच जाते. हल्ली बाजारातले निम्मे फोटो फ्लेक्समुळं आणि उरलेले लावलेल्या मोटारसायकलींमुळं वाया जातात. चहाच्या टपरीवरचा बाक, ओळखीच्या दुकानाची पायरी, नाहीतर दीड फूट उंचीचा घडीचा स्टूल, यांतलं काहीही घ्या. बसण्याचा आणखी एक फायदा म्हणजे जमिनीवर बसलेल्या विक्रेत्याचा फोटो उभ्यानं काढला की त्याच्यामागं नुसती फरशी दिसते आणि माणूस खुजा होतो. स्टुलावरून काढला की त्याच्यामागं रस्ता, पाय, गर्दी येते.

आता कॅमेरा. मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पहिला महिना फोनवरच काढा, पैसे अडकवण्याआधी हौस टिकते का ते कळेल. फोनची मुख्य लेन्स साधारण २४-२६ एमएमच्या तोडीची, म्हणजे बरीच रुंद असते. माणूस चौकटीत मोठा हवा असेल तर चार-पाच फुटांवर जावं लागतं. बहुतेक फोनमध्ये बोटांनी केलेला झूम म्हणजे ठरावीक टप्प्यापुढं नुसती कातरछाट. लेन्स रुमालानं पुसा, ब्यूटी मोड बंद करा, आवाजाच्या बटणानं क्लिक करा.

पण कायमचा फोन तुम्हाला जमणार नाही, आणि त्याचं कारण तुमचा चष्मा आहे. फोन हातभर अंतरावर धरला की स्क्रीन वाचायला चष्म्याचा खालचा भाग लागतो आणि रस्ता बघायला वरचा. फोन डोळ्यांसमोर उचलला की मान मागं टाकावी लागते. त्यात दुपारचं ऊन. परिणामी तुम्ही स्क्रीनकडं बघत राहता आणि समोरचं दृश्य निघून जातं. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर हा प्रश्न सोडवतो. त्यातलं चित्र डोळ्याला अंदाजे मीटरभर लांब असल्यासारखं दिसतं आणि शेजारच्या छोट्या चाकानं, म्हणजे डायॉप्टरनं, ते तुमच्या नंबराला जुळवता येतं. जुळवताना दृश्याकडं बघू नका. व्ह्यूफाइंडरमधले आकडे सुस्पष्ट होईपर्यंत चाक फिरवा, चष्मा घालून आणि त्याच्या वरच्या भागातून बघून. हे चाक पिशवीत घासून हलतं. फोटो सुस्पष्ट असूनही सगळं धूसर दिसायला लागलं की आधी तेच तपासा. आयकपचं रबर शाबूत हवं, नाहीतर चष्म्याच्या काचेवर ओरखडे ठरलेले.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तर डाव्या डोळ्यानं बघायची सवय आतापासूनच लावा. मोतीबिंदूमुळं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा रंग कमी पोचतो. अशा डोळ्यांनी रंग दुरुस्त करायला बसलं की फोटो नकळत निळे करून ठेवले जातात आणि ऑपरेशननंतर ते बघून धक्का बसतो. तोवर कृष्णधवलच काढा. तुमचा हात त्यात बसलेलाही आहे. ऑपरेशननंतर डायॉप्टर नव्यानं जुळवावा लागेल, आणि धुळीत कधी जायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

५० हजारांत आमची पसंती वापरलेल्या कॅनन २००डीला, सोबत २४ एमएम एफ/२.८ एसटीएम ही चपटी लेन्स. सेन्सर छोटा असल्यानं ही लेन्स तुमच्या जुन्या हिशोबात ३८ एमएमसारखी वागते. दोन्ही मिळून वजन सहाशे ग्रॅमच्या आत. व्ह्यूफाइंडर आरशाचा, त्यामुळं भर उन्हात स्वच्छ. स्क्रीन उलटी फिरवून मिटवून ठेवता येते, ती तशीच ठेवा: डावा डोळा लावला की नाक स्क्रीनला टेकतं ते टळेल आणि दर फोटोनंतर खाली बघायची खोडही लागणार नाही. फुजीच्या एक्स-टी२० सारख्या कॅमेऱ्यांवर २७ एमएमची लेन्स याहून सरस आहे, अंतराची पट्टी व्ह्यूफाइंडरमध्येच दिसते. पण चांगल्या अवस्थेतला जोड तुमच्या बजेटात बसेलच असं नाही. रिको जीआरची या क्षेत्रात ख्याती आहे, मात्र त्याला व्ह्यूफाइंडर नाही, म्हणून तुमच्यासाठी बाद. किटमध्ये मिळणारा १८-५५ झूम फुकट आला तरी घरी ठेवा.

वापरलेला कॅमेरा घ्यायची योग्य वेळ म्हणजे लग्नसराई संपल्यावर, आषाढात. लग्नाचे फोटोग्राफर तेव्हा जुनी बॉडी काढतात. शटर किती वेळा पडलंय तो आकडा विचारा, पण त्यावरच विसंबू नका. ज्या बॉडीवर मुख्यतः व्हिडिओ शूट झालाय तिचा आकडा कमी आणि सेन्सरचे तास जास्त असतात. फ्लॅशचा खाचा घासलेला आहे का, लेन्स बसवल्यावर हलते का, बॅटरी फुगलीय का, हे हातानं तपासा. मग एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा. पुसट काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते. चकचकीत रंगीत ठिपके किंवा रेषा दिसल्या तर सौदा सोडा. मानेचा त्रास असेल तर पट्टा आडवा, खांद्यावरून कमरेकडं घ्या.

फोकसची पद्धत मात्र बदलावी लागेल. झेनिटच्या ५८ एमएमवर एफ/८ ला दहा फुटांवर फोकस ठेवला तर आठ ते बारा फुटांमधलं तेवढं सुस्पष्ट यायचं, म्हणून दर वेळी रिंग फिरवणं भाग होतं. २४ एमएमवर, एफ/८ ला, फोकस आठ फुटांवर ठेवला तर पाच फुटांपासून वीस-बावीस फुटांपर्यंत सगळं पुरेसं सुस्पष्ट येतं. मग फोकस करायचाच नाही. बसण्याची जागा अशी निवडा की लोक तुमच्यापासून सात-आठ फुटांवरून जातील. आठ फुटांचा अंदाज घरी टेप लावून पक्का करा: सहा फुटी खाट आणि वर दोन फूट.

यात एक अडचण येते. या लेन्सवर अंतराचे आकडे नाहीत आणि तिची रिंग कॅमेरा चालू असतानाच काम करते. म्हणून मेन्यूत जाऊन फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या चांदणीच्या (*) बटणाला द्या. जागेवर बसलात की आठ फुटांवरच्या खांबावर ते बटण दाबून एकदा फोकस घ्या. नंतर शटर दाबल्यावर लेन्स हलणार नाही. कॅमेरा बंद केल्यावर लेन्स आत सरकण्याची सोय मेन्यूत बंद ठेवा, आणि बंद करून पुन्हा चालू केला तर फोकस नव्यानं घ्या. हे विसरल्यामुळं अख्खी सकाळ धूसर गेल्याचं घरी गेल्यावर कळतं.

शटर १/५०० ठेवा. चालणाऱ्या माणसाचे पाय १/१२५ ला फिसकटतात, १/२५० ला बहुधा थांबतात. वयाबरोबर हात थोडा कापतो तो वेगळाच. आयएसओ, म्हणजे पूर्वीचा एएसए, सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, ऑटो; कमाल मर्यादा ६४००. तुम्ही इंदू आणि ऑर्वो फिल्मच्या, १०० ते १२५ एएसएच्या काळातले, तेव्हा ३२०० आकडा बघून पोटात गोळा येईल. येऊ द्या. हल्लीच्या सेन्सरवर ३२०० चे कण तुमच्या ४०० एएसएच्या ढकलून धुतलेल्या रोलपेक्षा बारीक असतात.

जुन्या सवयींपैकी एक सवय मात्र घातक आहे. निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्त पडला तरी ती सांभाळून घ्यायची, म्हणून सगळे सावलीचं माप घेऊन एक्स्पोजर द्यायचे. डिजिटलचं उलटं आहे: अंधारातला तपशील बराच वर काढता येतो, पण पांढरं एकदा जळलं की तिथं काहीच उरत नाही. आणि आपल्या बाजारात पांढरं किती! धोतर, टोपी, सदरा, कापसाच्या गाठी. उन्हात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे दोन-तृतीयांश ठेवा, रॉ म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा, घरी सावल्या उचला.

दुसरी सवय ३६ फ्रेमच्या काटकसरीची. "रोल समजून मोजकेच काढा" असा सल्ला तुम्हाला जिकडंतिकडं मिळेल. आमचं मत उलटं आहे. ती काटकसर पैशापायी होती. हात गंजलेला असताना एका दृश्यावर दहा-पंधरा फोटो काढणं योग्यच, कारण दोन डोकी एकमेकांवर न येता, पाऊल उचललेलं, हात मोकळा, असा क्षण त्यातल्या एखाद्यातच असतो. घाई निवडताना करू नका.

निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळा येतो, पिवळ्या प्लास्टिकखाली कावीळ झाल्यासारखा. एका बाजूनं ताडपत्री आणि दुसऱ्या बाजूनं ऊन असेल तर कोणत्याही दुरुस्तीनं दोन्ही बाजू एकदम सुधारत नाहीत. कृष्णधवल करून मोकळं व्हा.

आता माणसं. ओरडणाऱ्या बाईंना तुमच्याबद्दल नेमकं काय वाटलं असेल ते बघा. पँट-शर्टातला, साठी उलटलेला, शहरी माणूस रस्त्यापलीकडून फोन रोखून उभा आहे. फुटपाथवर बसणाऱ्याला तो महापालिकेच्या अतिक्रमण पथकाचा वाटतो, अडतीत गेलात तर पत्रकार किंवा करखात्याचा, आणि तरुण पोरींना रील बनवणारा. लांबून झूम केला की संशय पक्का होतो. लपून काढलेला फोटो आणि त्यावरून उडालेला खटका, दोन्ही अंतरामुळं होतात. जवळ बसलेला, कॅमेरा छातीवर उघडा ठेवलेला, चहा पिणारा माणूस कोणालाही हेराइतका धोकादायक वाटत नाही, आणि पांढरे केस असतील तर आणखीच नाही. तुमच्या वयाचा इथं फायदा आहे. तरुणाला जे दहा वेळा सांगावं लागतं ते तुमच्या बाबतीत लोक गृहीत धरतात.

पहिले दोन आठवडे नुसते बसा, भाजी तिथूनच घ्या. कोणी विचारलं तर एका दमात सांगा: "मावशी, हौस म्हणून काढतो. पेपरचा नाही, महापालिकेचा नाही. बघा, हा काढला." स्क्रीन उलगडून दाखवा. नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसा. कायद्याचा वाद घालू नका. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट मनाई नाही हे खरं, पण तो मुद्दा जिंकून तुम्ही जागा गमावता. कायद्याची एक रेघ मात्र पक्की लक्षात ठेवा. अंघोळ करणाऱ्या किंवा कपडे बदलणाऱ्या बाईचा फोटो हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकतो. पैठण किंवा नांदेडच्या गोदाघाटावर गेलात तर कॅमेरा पाण्याकडं वळवण्याआधी याचा विचार करा. एकट्या तरुण मुलीवर कॅमेरा रोखू नका. लहान मुलांचा फोटो आईला विचारून. भिकारी आणि रस्त्यावर झोपलेली माणसं सोपी सावजं असतात, म्हणूनच टाळा.

"कुठं टाकणार का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही म्हणालात तर व्हॉट्सॲपच्या कॉलनी ग्रुपवरसुद्धा टाकायचा नाही. लातूर एवढंही मोठं नाही. संध्याकाळपर्यंत तो फोटो मावशींच्या भाच्याच्या फोनवर पोचतो.

झेनिटबद्दल. मागचं झाकण उघडा, दिव्याकडं धरून शटर दाबा. शटरच्या बंद कापडी पडद्यातून टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर कापड फाटलंय. संथ वेग अडखळत असेल तर आतलं ग्रीस घट्ट झालंय. लेन्स तिरपी धरून टॉर्चच्या उजेडात बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. चामडी केस ओल धरून ठेवते, बहुतेक जुन्या लेन्स तिथंच खराब झाल्या. झेनिट-ई असेल तर समोरचं प्रकाश मोजायचं सेलेनियम मीटर इतक्या वर्षांनी खरं सांगेल असं धरू नका, फोनमधल्या मीटर ॲपशी ताडून बघा. कॅमेरा ठीक निघाला तरी रोल, धुणं, स्कॅन आणि कुरिअर धरून फ्रेममागं सहज चाळीसेक रुपये पडतात. महिन्यातून एखाद्या रोलची चैन ठीक. लेन्स मात्र एम४२ ही जोडणीची पातळ रिंग लावून २००डीवर बसते. ५८ एमएम तिथं ९३ सारखी वागते, ओळख झालेल्या माणसांच्या चेहऱ्यांसाठी चांगली. बुरशी असेल तर ती नव्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात पावशेर सिलिका जेल, एवढं साठवणीला पुरतं. जेलच्या खड्यांचा रंग पालटला की ते गरम करून सुकवा, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको. निळ्या खड्यांतला रंग विषारी असतो.

मराठवाड्यातलं ऊन आणि धूळ यांचं वेळापत्रक वेगळं लिहावं लागेल, इथं दोनच गोष्टी. मेच्या मध्यात लातुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि सावली पायाखाली. तेव्हा सकाळी साडेआठपर्यंत, नाहीतर पालांच्या आत काम करा, आणि कॅमेरा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, तापून लेन्सच्या पाकळ्यांवर तेल उतरतं. दुसरं, ऑक्टोबरात सोयाबीनची आवक सुरू झाली की अडत बाजारात दृश्यं भरपूर आणि भुसाही भरपूर. तिथं लेन्स काढायची नाही. बाहेर आल्यावर रबरी ब्लोअरनं झटका, तोंडानं फुंकर नको.

उदगीरकडचा हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार आणि मार्गशीर्षातली लोह्याजवळची माळेगावची यात्रा तुमच्या मनात असेलच. सहा महिने थांबा. तिथं बसायला जागा मिळत नाही, जनावरामागं उभं राहणं धोक्याचं, आणि देवणी गायबैलांच्या काळ्या-पांढऱ्या अंगावर एक्स्पोजर चुकवायला जराही वेळ लागत नाही.

महिन्याच्या शेवटी फोटो बघा, त्याआधी नको. पाच निवडा. गोलाईजवळच्या स्टुडिओतून ४×६ चे प्रिंट काढून ज्यांचे त्यांना द्या. पुढच्या वेळी बाकावर तुमच्यासाठी जागा धरलेली असेल. प्रिंटच्या मागं तारीख लिहायची असेल तर बॉलपेन दाबू नका, समोर वळ उठतात; सीडीवर लिहायचा मार्कर वापरा आणि वाळेपर्यंत एकावर एक रचू नका.